इंदूरला जायचंय : राहणं, खाणं, खरेदी. माहीतगारांनो, सांगा

पाऊसवेडी

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत इंदूरला जायचं घाटतंय. पुण्याहून आम्ही दोघं, आठवीतला मुलगा, सासूबाई आणि माझी एक जैन मैत्रीण असे निघणार आहोत. सासूबाई ७२ वर्षांच्या. गुडघे दुखतात, मधुमेह आहे, पण खाण्याची आवड दांडगी. त्यांचं बालपण इंदूरजवळच्या महूला गेलं. तिकडे आता नात्यातलं कोणी राहिलेलं नाही, त्यामुळे हॉटेलातच उतरावं लागेल.

सराफ्याचे, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजाराचे, व्हिडिओ खूप पाहिले आणि उलट गोंधळच वाढला. प्रत्येक जण एका दमात पंधरा-वीस पदार्थ दाखवतो. एक जण कंदमुळं न खाणारी, एकाला गोड चालत नाही, एकाला जास्त वेळ उभं राहवत नाही, अशा घरच्या माणसांनी तिथली संध्याकाळ कशी काढायची, हे कुणी सांगत नाही. मुक्काम जुन्या शहरात राजवाड्याजवळ करावा की नव्या भागात, विजयनगरात? माहेश्वरी साड्या इंदुरातच घ्याव्यात की त्यासाठी महेश्वरला जावं? आणि येताना काय आणावं?

उज्जैन करायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. कुणी अलीकडे जाऊन आलं असेल तर जरूर लिहा.

वाटसरू_नाशिक

चांगला विषय काढलात. आम्हीही फेब्रुवारीत जाणार आहोत. वाचनखूण साठवली.

माळवामाती

ताई, मी इंदूरचीच. माहेर रामबागेत, सासर लोकमान्य नगरात. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. इंदुरात दिवस पोटाच्या घड्याळावर बांधावा. सकाळी पोहे, दुपारी एकच बसून जेवण, संध्याकाळी फक्त चहा आणि रात्री सराफा. बाहेरून आलेली मंडळी दुपारी छप्पन दुकान या खाऊपट्ट्यात भरपूर खातात, संध्याकाळी दाल-बाफला चापतात आणि रात्री दहाला सराफ्यात हताश उभी राहतात. हे मी पाहुण्यांच्या बाबतीत सतत पाहते.

पोह्यांपासून सुरुवात करू. आपल्याकडे कांदेपोहे कढईत फोडणीवर परततात. इथे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पोह्यांची परात ठेवलेली असते आणि पोहे सगळी सकाळ वाफेवर राहतात. म्हणून ते मऊसूत असतात, तेल कमी लागतं, आणि बडीशेपेचा वास येतो. वर शेव, बारीक कांदा, लिंबू आणि जिरावण. जिरावण हा इथला कोरडा मसाला, त्यात जिरं, धने, बडीशेप, सुंठ, आमचूर, काळं मीठ, हिंग असं बरंच काही असतं. बरोबर गरम जिलेबी. मैत्रिणीला कांदा आणि शेव वगळून द्यायला सांगा. शेवेत कधी लसूण असतो, म्हणून विचारलेलं बरं. उसळ-पोहेही जरूर खा, सासूबाईंना आवडतील. पोह्यांवर तिखट रस्सा आणि मोडाची कडधान्यं असतात, गोडाचा प्रश्नच येत नाही.

पोह्यांसाठी ठरावीक नावाजलेल्या दुकानाचा पाठलाग करू नका. ज्या ठेल्यावर ऑफिसला निघालेली माणसं स्कूटर स्टँडवर लावून उभ्या-उभ्या खाताहेत, तिथे थांबा. परात लवकर संपते, म्हणजे पोहे ताजे असतात.

दुपारी दाल-बाफला. बाटीचा गोळा आधी पाण्यात उकळायचा आणि मग भाजायचा, की झाला बाफला. तो तुपात बुडवून येतो, बरोबर डाळ, कढी, चटणी, लाडू. हे जेवण जड असतं. ज्या दिवशी सराफा आहे त्या दिवशी दाल-बाफला घेऊच नका, दुसऱ्या दिवशी दुपारी घ्या आणि नंतर दोन तास झोपा.

आता सराफा. दिवसभर ही सोन्या-चांदीची पेठ. रात्री आठ-साडेआठच्या पुढे सराफांची दुकानं बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात. रात्री रस्त्यावर माणसांची जाग राहिली तर पेढ्यांना राखण होते म्हणून सराफांनीच हे चालू दिलं, असं इथले जुने लोक सांगतात. खरी गर्दी दहानंतर. मध्यरात्र उलटून गेली तरी चालू असतं. तुम्ही साडेआठ-नऊला पोचा, सासूबाईंसाठी तीच वेळ योग्य.

डिसेंबरात येताय तर गराडू चुकवू नका. हा कंद थंडीतच मिळतो. फोडी एकदा तळून ठेवलेल्या असतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा तेलात सोडतात, बाहेरून कडक आणि आतून भुसभुशीत झाल्या की लिंबू पिळून वर आंबट-तिखट मसाला भुरभुरतात. द्रोण हातात आला की लगेच खायचा, गार झाला की मजा जाते. मैत्रिणीला मात्र हा चालणार नाही. तिच्यासाठी भुट्ट्याचा कीस. कणीस किसून तुपात परततात, मग दुधात शिजवतात. मोहरी-जिऱ्याची फोडणी, वर खोबरं-कोथिंबीर. खरी बहार पावसाळ्यात, कारण तेव्हा कोवळी कणसं येतात, पण थंडीतही मिळतो.

जोशींचा दहीवडा खाण्याइतकाच बघण्यासारखा. दह्याने भरलेला द्रोण हवेत उडवून झेलतात, थेंब सांडत नाही. मग एकाच चिमटीत वेगवेगळे मसाले घेऊन एकेक करून सोडतात. मुलाला पुढे उभं करा. खोपरा पॅटिस विजय चाट हाउसची, आत ओल्या खोबऱ्याचं सारण. साबुदाण्याची खिचडीही इथे वेगळी. साबुदाणा वाफेवर मोकळा ठेवलेला असतो आणि मागितल्यावर मोठ्या भांड्यात शेंगदाणे, मिरची, लिंबू, बटाट्याचा सळी चिवडा घालून कालवतात. उपवास नसला तरी खावी अशी.

गोडात जलेबा (भली मोठी जिलेबी), मालपुवा, रबडी, मावा बाटी. जलेबा एक घेतला तरी चौघांना पुरतो. इथली शिकंजी दुधाची, घट्ट, सुक्या मेव्याची आणि गोड असते, सासूबाईंना लिंबू सरबत समजून देऊ नका. त्यांना कांजीवडा द्या. मोहरीचं आंबवलेलं पाणी असतं, साखर नाही, पचायलाही बरा.

महत्त्वाचं : प्रत्येक पदार्थाची एकच प्लेट घ्या आणि पाच जणांत वाटा. प्रत्येकी एक घेतलीत तर तिसऱ्या ठेल्यावर सगळे हात टेकतील.

रूळबदल

माळवामाती ताईंचा प्रतिसाद वाचून आत्ताच भूक लागली.

प्रवासाचं लिहितो. पुण्याहून दौंड–इंदूर गाडी सोयीची आहे. दुपारी पुण्यातून निघते, कल्याण-वसई-सुरत-बडोदा-रतलाम करत दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूर. मुंबईकरांसाठी अवंतिका एक्सप्रेस, संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून. दोन्ही गाड्या लांबून फिरून जातात, कारण मनमाडहून थेट रूळ नाहीत. मनमाड–इंदूर या ३०९ किमीच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ साली मंजुरी दिली. तो झाला की आपल्या लोकांचा मोठा फेरा वाचेल.

सकाळी पोचल्यावर खोलीचा प्रश्न येतो. बहुतेक मोठी हॉटेलं दुपारी बारा किंवा दोननंतर खोली देतात, आणि सासूबाई रात्रभर गाडीत बसून आलेल्या असणार. आरक्षण करण्याआधी फोन करून विचारा की सकाळी नऊला खोली मिळेल का. स्टेशन आणि सरवटे बसस्टँडच्या आसपासच्या काही लॉजवर चोवीस तासांचा हिशोब असतो, म्हणजे नऊला आलात तर दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत खोली तुमची. फोनवर कबूल केलं असेल तर त्याचा मेसेज मागून घ्या. काउंटरवरचा माणूस बदलला की तोंडी बोलणं राहत नाही.

सगळ्या मोठ्या माणसांचं ओळखपत्र लागतं, सासूबाईंचं आधार विसरू नका.

घाटउतार

राहण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : विजयनगर. रुंद रस्ते, नवी हॉटेलं, लिफ्ट, गाडी लावायला जागा, खाली मॉल. आम्ही आई-बाबांना घेऊन गेलो होतो. राजवाड्याच्या भागातल्या जुन्या इमारतींत जिने अरुंद आणि चढे आहेत, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही. रात्री सराफ्याला रिक्षाने जाऊन-येऊन करता येतं. म्हाताऱ्या माणसांची झोप शांत हवी.

माळवामाती

घाटउतार, झोपेचं पटलं, पण विजयनगर ते राजवाडा संध्याकाळच्या गर्दीत किती वेळ खातं ते बघितलंत ना? दिवसभर फिरून खोलीवर आलं की पुन्हा एवढ्या लांब निघायचा कंटाळा येतो आणि सराफा राहूनच जातो. आमच्याकडच्या किती पाहुण्यांचं असं झालंय.

पाऊसवेडी ताई, मधला मार्ग घ्या. न्यू पलासिया, एम. जी. रोड किंवा छप्पन दुकानाच्या आसपास बघा. मध्यम दरातली, लिफ्ट असलेली हॉटेलं आहेत. छप्पन चालत जाता येतं, राजवाडा रिक्षाने जवळ. कमी सामान असलेल्या तरुण मंडळींनी मात्र राजवाड्याजवळच राहावं. रात्री एकला सराफ्यातून चालत खोलीवर यायचं सुख त्यांनाच. तिथे राहिलात तर आधी विचारा की लॉजचं दार रात्री किती वाजता बंद होतं.

काठपदर

राहण्याबद्दल एक सूचना माझ्याकडूनही. आमच्या एका ओळखीच्या कुटुंबाने ऑनलाइन फोटो बघून एक हॉटेल घेतलं. खोली उत्तम, पण मागच्या बाजूला हॉटेलचंच लग्नाचं लॉन. दोन रात्री डीजे आणि बँड. माळव्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नाची धामधूम असते, म्हणून फोन करतानाच विचारायचं : तुमच्याकडे मॅरेज गार्डन आहे का, त्या तारखांना लग्न आहे का, आणि त्याच्या उलट्या बाजूची खोली मिळेल का.

तुमच्या तारखा मात्र त्या दृष्टीने सोयीच्या आहेत. १५-१६ डिसेंबर ते संक्रांत हा धनुर्मास. तिकडे त्याला मलमास म्हणतात आणि त्या काळात लग्नाचे मुहूर्त नसतात. नवीन वर्षाची गर्दी वेगळी, तिच्यासाठी खोल्या लवकर धरा.

पाऊसवेडी

धनुर्मासाचं अजिबात डोक्यात आलं नव्हतं. धन्यवाद काठपदर ताई. पलासिया भागात शोधायला सुरुवात केली.

साड्यांबद्दल मात्र अजून कुणी लिहिलं नाही. काठपदर, तुमच्या आयडीवरून तरी तुम्हाला नक्की माहीत असणार!

काठपदर

हो, त्यावर लिहायचंच होतं. माहेश्वरी हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला नेली आणि बाहेरून विणकर आणून तिथे वसवले. काठांवरचे नमुने किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कोरीवकामातून आलेत : चटाई, ईंट, हीरा, चमेलीचं फूल, नर्मदेच्या लाटांचा लहरिया. महेश्वरच्या घाटावर उभं राहून हातातली साडी आणि समोरची भिंत ताडून पाहिली की एकेक नमुना सापडत जातो. मला तरी यासाठीच महेश्वरला जावंसं वाटतं.

साधारण माहेश्वरीत ताना (उभे धागे) रेशमाचा आणि बाना (आडवे धागे) सुताचा असतो. त्यामुळे ती हलकी, चमकदार आणि तरी अंगाला न बोचणारी. काठ दोन्ही बाजूंनी सारखा सुबक असतो, त्याला बुगडी म्हणतात, साडी उलटी-सुलटी कशीही नेसता येते. दुकानात साडी हातात आली की आधी काठ पालथा करून बघा. मागच्या बाजूला कापलेल्या धाग्यांची लोंबती टोकं दिसली तर पुढे जाऊ नका. किनारीच्या कडेला बारीक टोचे दिसतात का तेही बघा. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांचे ते ठसे. हँडलूम मार्क आणि रेशमासाठी सिल्क मार्क मागा. आणि सरळ विचारा, ताना कशाचा, बाना कशाचा, माग हाताचा की पॉवरलूम. चांगला दुकानदार न चिडता सांगतो. जो विषय बदलून लगेच सूट द्यायला लागतो, त्याच्याकडून उठा.

इंदुरात खात्रीने घ्यायची असेल तर मृगनयनी, मध्य प्रदेश सरकारचं एम्पोरियम. भाव ठरलेले, घासाघीस नाही. माहेश्वरी, चंदेरी, बाग प्रिंट एकाच छताखाली मिळतं. ज्यांना घासाघीस जमत नाही त्यांनी इथेच जावं. रोजच्या वापराच्या साड्या, ड्रेसचं कापड, मुलींसाठी लेहेंगे वगैरेला राजवाड्यामागचा सीतलामाता बाजार. तिथे गर्दी प्रचंड, म्हणून सकाळी अकरा-बाराला दुकानं उघडली की लगेच जा. एम. टी. क्लॉथ मार्केट मुख्यतः घाऊक. लग्नाचा बस्ता असेल तरच तिकडे वळा, आणि रविवार टाळा.

महेश्वरला किल्ल्यात रेहवा सोसायटीचं विणकाम बघता येतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या दांपत्याने विणकर स्त्रियांना काम मिळावं म्हणून ती सुरू केली. तिथल्या साड्या स्वस्त नाहीत, पण मागावर बसलेल्या बाईला काम करताना बघितलं की किंमत कशाची आहे ते कळतं. गावातल्या गल्ल्यांतून घराघरांतून मागांचा आवाज येतो. विणकरांच्या घरीही साड्या मिळतात, मात्र दोन-चार घरं बघून मगच ठरवा.

घाटउतार

महेश्वरबद्दल गाडीने जाणाऱ्यांसाठी लिहितो. धुळे, शिरपूर, सेंधवा करत आग्रा रोडने वर गेलं की इंदूरच्या आधी धामनोद लागतं, आणि तिथून महेश्वर पंधराएक किमी. म्हणजे महाराष्ट्रातून जाताना महेश्वर वाटेवरच आहे. लोक आधी इंदूरला जातात आणि मग ९० किमी उलटं मागे येतात, पुन्हा ९० किमी परत. त्यापेक्षा जाताना किंवा परतताना एक रात्र महेश्वरला राहा. संध्याकाळी घाट, सकाळी लवकर किल्ला, मग साड्या. पुण्याहून गाडीने इंदूर ६०० किमीच्या आसपास पडतं, तो टप्पा असा मोडला तर सासूबाईंनाही बरं.

रेल्वेने जाणार असाल तर इंदुरातून दिवसभरासाठी टॅक्सी करा. महेश्वर आणि मांडू एकाच दिवसात कोंबू नका. मांडूला वेगळा दिवस नसेल तर सोडून द्या.

कडूलिंब

उज्जैनबद्दल : नाताळ ते १ जानेवारी या आठवड्यात सासूबाईंना घेऊन अजिबात नको. इंदूरहून ५५ किमी, रस्ता चांगला, पण २०२२ मध्ये महाकाल लोक, म्हणजे महाकाल मंदिराचा नवा परिसर, झाल्यापासून गर्दी वाढलेली आहे आणि नवीन वर्षाच्या आठवड्यात तर रांगा फार लांब जातात. दर्शनाआधी चालणंही बरंच आहे. भस्म आरतीला आधी नोंदणी लागते. देवदर्शनाची ओढ असेल तर इंदुरातच खजराना गणपती आहे, अहिल्याबाईंच्या काळचा. सकाळी लवकर गेलात तर निवांत दर्शन होतं.

आणि जे पुढची सहल आखताहेत त्यांच्यासाठी : २०२८ ला उज्जैनचा सिंहस्थ आहे. त्या काळात इंदुरातली हॉटेलंही मिळणार नाहीत किंवा अवाच्या सवा दराने मिळतील.

सासूबाईंना महूला मात्र जरूर न्या. शहरापासून २५ किमीच्या आसपास. बाबासाहेबांचं जन्मस्थळ तिथेच, स्मारक बांधलेलं आहे, सपाटीवर आहे, गाडी जवळपर्यंत जाते. छावणीचे जुने रस्ते आणि बंगले अजून बरेच तसेच आहेत. त्यांना त्यांच्या गल्लीतून फिरवून आणा, त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

पाऊसवेडी

कडूलिंब, हे वाचून सासूबाईंना दाखवलं. एक पूर्ण दिवस महूसाठी पक्का केला. त्यांची शाळा कुठे होती ते त्या आत्तापासून सांगायला लागल्यात.

उज्जैन रद्द. महेश्वर टॅक्सीने. आता येताना काय आणायचं तेवढं सांगा.

शेवचिवडा

मी आलोच होतो यासाठी! दरवर्षी इंदूरहून पिशव्या भरून आणणारा माणूस आहे मी.

शेव. पण कोणती ते नीट ठरवा. रतलामी शेव जाडसर, लवंग-मिऱ्याची तिखट. लौंग शेव त्याहून झणझणीत. बारीक शेव पोह्यांवर घालायला. पाकीटबंद माल आता पुण्या-मुंबईत सगळीकडे मिळतो, म्हणून इंदुरात सुट्टी, तोलून मिळणारी घ्या आणि "आजचा घाणा कोणता?" असं विचारा. चव घेऊ देतात, संकोच करू नका. मोठ्या नावाजलेल्या दुकानांत डबल पॅकिंग करून देतात. शेव प्रवासात चुरा होते, म्हणून पिशवीत हवा भरलेली राहू द्या आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवा.

जिरावण पाव किलोच्या खाली आणू नका. आपल्या पोह्यांवर, काकडीवर, दह्यात, उकडलेल्या बटाट्यावर, सगळीकडे चालतो. मारोठिया बाजारात मसाल्यांची जुनी दुकानं आहेत, तिथे कुटून दिलेला ताजा मिळतो. उघड्या डब्यातला मसाला नाकाशी धरून बघा. हिंग आणि सुंठेचा वास लगेच आला पाहिजे.

सुका मेवा, मखाणे, डाळी घाऊक हव्या असतील तर स्टेशनजवळ सियागंज. पाच किलोंच्या खाली तिथे फार फायदा होत नाही. थंडीत गजक (तीळ-गुळाची खुसखुशीत वडी) छान मिळते, आठवडाभर टिकते. मावा बाटी, रबडी, मालपुवा आणायचा विचार सोडून द्या, तिथेच खा. रेल्वेच्या रात्रभराच्या प्रवासात माव्याचं काही टिकत नाही.

तांब्या-पितळेची भांडी बघायची असतील तर राजवाड्याजवळ बर्तन बाजार. तिथे वजनावर भाव असतो. भांडं तुमच्यासमोर तोलून घ्या आणि बिलावर वजन लिहून घ्या.

आंबटगोड

शेवचिवडा +१. चामड्याची खेळणी राहिली. इंदूरची लेदर टॉईज भौगोलिक मानांकन मिळालेली आहेत : घोडे, हत्ती, उंट. आत तारेचा सांगाडा, वर चामडं. मृगनयनीत बघा. जैन मैत्रिणीला अर्थातच दाखवू नका.

आठवीतल्या मुलासाठी छप्पन दुकान. ५६ दुकानांचा पट्टा, आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, बसायला बाकडी आहेत. तिथल्या जॉनी हॉट डॉग या दुकानातलं बेंजो (पावात घातलेलं ऑम्लेट) अंड्याचं असतं, शाकाहारी हॉट डॉगही मिळतो. सासूबाईंसाठीही छप्पन सराफ्यापेक्षा आरामाचं.

पाऊसवेडी

म्हणजे सासूबाईंना सराफ्यात न्यावंच का? उभं राहणं त्यांना जमत नाही आणि त्यांना घरी ठेवून आम्ही जाणं मला बरं वाटत नाही.

माळवामाती

न्या ना, नक्की न्या. फक्त बेत जरा बदला. सोमवार ते गुरुवार यांपैकी एक दिवस निवडा. शुक्रवार-शनिवारी इंदूरकरच सगळे बाहेर असतात. साडेआठला राजवाड्यासमोर रिक्षातून उतरा, खाजगी गाडी आत नेऊ नका, लावायला जागा शोधण्यातच तास जातो. राजवाडा रात्री बाहेरूनच बघा. सात मजली आहे, खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. आतून बघायचा असेल तर सोमवार सोडून दिवसा.

सराफ्यात एखाद्या बंद पेढीचा ओटा रिकामा असतो. सासूबाईंना तिथे बसवा, बरोबर एक जण थांबा, बाकीच्यांनी एकेक पदार्थ आणून द्यायचा. आमच्या आजीला आम्ही असंच नेत होतो. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईला कोणी उठवत नाही, उलट ठेल्यावाले स्वतःहून पाणी आणून देतात. शाल बरोबर घ्या. डिसेंबरात रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि गल्लीत वारा असतो. दहाला गर्दी वाढायला लागली की निघा.

आणखी एक. द्रोण, चमचा, कागद, काहीही खाली टाकू नका. प्रत्येक ठेल्याजवळ कचऱ्याचा डबा असतो. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आमचं शहर सलग पहिलं आलं, ते असंच आलेलं नाही. मुलाने रस्त्यावर कागद टाकला तर दुकानदार त्याला हाक मारून उचलायला लावेल. रागावू नका, इथे सगळ्यांना असंच सांगतात.

वाटसरू_नाशिक

आम्ही फेब्रुवारीत जाणार, तेव्हा गराडू मिळेल का? आणि रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक) बघायला मार्चपर्यंत थांबावं असं घरात चाललंय.

माळवामाती

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मिळेल, नंतर नेम नाही. आला तरी जून निघतो.

गेर बघायची असेल तर दणक्यात बघा, पण लहान मूल किंवा वयस्कर बरोबर नको. राजवाड्याच्या भागात टँकरने रंग उडतो, रस्ते बंद असतात, मोबाइल पिशवीत गुंडाळून ठेवावा लागतो. त्या दिवशी राजवाड्याजवळची खोली असेल तर सकाळी लवकर बाहेर पडा किंवा दुपारपर्यंत बाहेर पडूच नका. सामान घेऊन हॉटेल बदलायचं असेल तर आदल्या रात्रीच बदला. आणि खरेदी आधी उरकून ठेवा, रंगपंचमीला जुन्या शहरातली दुकानं बंदच असतात.

पाऊसवेडी

रूळबदल, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पलासियातल्या एका हॉटेलला फोन केला. सकाळी नऊला एक खोली देतो म्हणाले, दुसरी बारानंतर. सासूबाई आणि मैत्रीण तेवढ्या वेळात आराम करतील आणि आम्ही तिघं पोहे खायला जाऊ. पोहे साधारण किती वाजेपर्यंत मिळतात?

माळवामाती

चांगले ठेले अकराच्या आत आवरतात. काही ठिकाणी दिवसभर मिळतात, पण सकाळची चव राहत नाही. सामान खोलीत टाका आणि लगेच निघा. सासूबाईंसाठी पार्सल घेणार असाल तर शेव आणि जिरावण वेगळ्या पुड्यांत बांधून मागा, नाहीतर वाफेने सगळं ओलं होतं.